आडवा शिपाई

माझ्या लिहायच्या टेबलावर, दौतीच्या डाव्या हाताला, अंगठ्याएवढा एक शिशाचा शिपाई आहे. तो आडवा असतो. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाई टेबल पुसताना त्याला रोज उभा करतात आणि मी रोज आडवा करतो. पाहुणे येतात, बोलता बोलता त्यांचा हात तिकडे जातो. पडलेलं काही दिसलं की उचलून नीट ठेवायचं, एवढं वळण आपल्या लोकांना असतंच. पाहुणा जिना उतरला की पुन्हा आडवा करतो. आडवा करताना मी काहीतरी पुटपुटतो असं बायकोचं म्हणणं आहे. पाडूनच ठेवायचा तर टेबलावर कशाला, पेटीत टाका, असंही ती एकदा म्हणाली. म्हणणं बिनतोड होतं. पण तिला उत्तर द्यायचं तर काटकर हवालदारांपासून सुरुवात करावी लागली असती, आणि त्यांची गोष्ट मला धड कधी सांगता आलेली नाही.

महायुद्धाचं दुसरं वर्ष चालू असताना मी सांगलीहून साताऱ्याच्या एका हायस्कुलात इतिहासाचा मास्तर म्हणून गेलो. काटकर तिथे ड्रिल मास्तर होते. आधीच्या महायुद्धात पलटणीत होते, हवालदार होऊन पेन्शनीत निघाले आणि शाळेत लागले. शिपाई म्हटल्यावर जे चित्र डोळ्यांपुढे येतं त्यातलं त्यांच्याकडे काहीच नव्हतं. बुटके, काळेसावळे, मिशा विरळ, आवाज बसका. मूळचे माणदेशातल्या वरकुट्याचे. बापजादे मेंढरं घेऊन हिंडलेले, त्यामुळे चालण्याची हौस रक्तातच होती. चालताना त्यांचे ओठ हलत. मला वाटे जप करतात. ते पावलं मोजत होते. शाळेपासून पोवई नाक्यापर्यंत किती, नाक्यापासून त्यांच्या घरापर्यंत किती, सगळं तोंडपाठ. कुणी अंतर विचारलं की पावलांत सांगत आणि वर विचारत, "वज्झं घिऊन का रिकामं?"

आणखी एक खोड होती. ड्रिलला चाळीस मुलं असतील तर चाळीस म्हणून मोकळे होत नसत. एकेकाचं नाव, बापाचं नाव, गाव अशी हजेरी घेत. निम्मा तास त्यातच जाई. हेडमास्तर चिडत. काटकर खाली मान घालून ऐकून घेत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करत.

आमची गाठ पानिपतामुळे पडली. आपल्याकडे ज्याला स्वतःचं घर धड चालवता येत नाही त्यालाही भाऊसाहेबांची चूक कुठे झाली ते पक्कं ठाऊक असतं. मी तर इतिहासाचा पदवीधर. मधल्या सुट्टीत मास्तरांच्या खोलीत मी ती चूक सविस्तर समजावून सांगत होतो. काटकर दाराशी बसून बशीतून चहा पीत होते. माझं संपल्यावर त्यांनी विचारलं, की त्या दिवशी बैलं किती होती आणि पाणी किती पावलांवर होतं. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. माणसं किती मेली ते मात्र मी खाडकन सांगितलं. ते म्हणाले, "लडाई पायानं हुती, मास्तर. हातानं हुती ती मारामारी. ऐतवारी दुपारचं या घरी. तुमीच लढा पानिपत."

माची पेठेत, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी त्यांच्या दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत शिरलो तर बसायला जागाच नाही. शाळेतल्या मोडीत काढलेल्या दोन दारांचं आठ हात लांब टेबल, भोवती फळीची कड आणि आत माहुलीहून आणलेली कृष्णेची वाळू. ओली करून त्या वाळूचे डोंगर, नाले, खिंडी केलेल्या. बाभळीच्या डहाळ्यांची झाडं. आणि त्या मुलखात दोन बाजूंना उभे असलेले दोनशेवर शिशाचे शिपाई. आपल्याकडे दिवाळीत पोरं किल्ला करतात आणि कुंभाराकडचे मावळे मांडतात, ते बघून आपण कौतुक करतो आणि पुढे जातो. पन्नाशीतल्या माणसाच्या घरात ते बारा महिने मांडलेलं बघून मला आधी हसू आलं आणि मग जरा भीती वाटली.

पलटणीत असताना साहेबलोकांना डावपेच शिकवायला असंच वाळूचं टेबल होतं. त्याची वाळू ओली ठेवायचं काम काटकरांकडे. बादली घेऊन उभ्या उभ्या ते सगळं शिकले. पेन्शनीत आल्यावर त्यांनी स्वतःचं मांडलं. शिसं ते पोलिसांच्या चांदमारीवरून आणत. पाऊस धुऊन गेला की बांधाच्या मातीतून जुन्या गोळ्या वर येतात, त्या वेचायच्या, लोखंडी पळीत वितळवायच्या आणि संगजिऱ्याच्या दगडात कोरलेल्या साच्यात ओतायच्या. उजव्या तळव्यावर पोळल्याचे डाग होते. अंगच्या कपड्याला खाकी रंग द्यायचे, चेहऱ्याला रंग नाही. का म्हणून विचारलं तर म्हणाले, "त्वांड ज्याचं त्यानं आठवायचं."

खेळाचे नियम सोपे होते. सुतळीला गाठी मारलेल्या, पायदळाने एका डावात एक गाठ चालायचं, घोड्याने दोन. दोन फौजा भिडल्या की सहा कवड्या टाकायच्या आणि कोण पडलं ते ठरवायचं. मी मोठ्या उत्साहाने घोडदळ पुढे काढलं. चौथ्या डावाला काटकर म्हणाले, तुमच्या घोड्यांना सकाळपासून पाणी नाही, आता त्यांची चाल निम्मी. सहाव्या डावाला माझी बैलं मागे अडकली आणि दारूगोळा संपला. मग पहिला शिपाई पडला. मी तो बोटाने बाजूला सारायला गेलो तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"नाव घ्या आधी," ते म्हणाले.

शिपाई पालथा केला. तळाला टोकाने कोरलं होतं: सखाराम धोंडी, निढळ. मी वाचलं. "आता करा आडवा," ते म्हणाले. सगळ्यांच्या तळाशी असंच नाव आणि गाव होतं. आधीच्या महायुद्धात जी आमच्या जिल्ह्यातली माणसं परत आली नाहीत त्यांची ती नावं. पलटणीतली त्यांना माहीत होती, बाकीची त्यांनी सुट्ट्यांमध्ये गावोगाव पायी हिंडून, घरोघर विचारून आणलेली. जित्या माणसाचं नाव कोरायचं नाही हा त्यांचा पक्का नियम होता. दोन्ही बाजूंना आपलीच माणसं कशी, असं मी विचारलं. पलीकडच्यांची नावं त्यांना कोण सांगणार होतं, म्हणून आपल्यातलीच उसनी दिली होती.

त्या दुपारी मी एकतीस नावं वाचली. घसा कोरडा पडला आणि डाव अर्धाच राहिला. सोमवारी वर्गात मृतांचा आकडा आला तेव्हा माझी जीभ अडखळली. ती तशीच पुढे वीस वर्षं अडखळत राहिली. इतिहासाच्या मास्तराला हे काही सोयीचं नाही.

मी दर रविवारी जायला लागलो. घरात काटकरांची बायको हिराबाई, मुलगा सर्जेराव आणि नवी सून चंद्रा. सर्जा लोणंदला कांद्याच्या आडतीवर तोलार होता, पंधरवड्याने घरी येई आणि आला की बापाबरोबर खेळायला उभा राही. चौघांचा संसार आतल्या एका खोलीत. चूल तिथे, अंथरुणं तिथे, पाहुणा आला तर तोही तिथेच. हिराबाई मला चहा द्यायच्या आणि देता देता टेबलाकडे बघून म्हणायच्या, "या घरात मेलेली ऐसपैस हायती, मास्तर. जित्यांनी वळचनीला बसायचं." काटकर हसायचे. मीही हसायचो. छंदाची किंमत घरातल्या बाईला विचारावी, हे तेव्हा माझं लग्न न झाल्यामुळे मला कळत नव्हतं.

मग ती भरती आली. आमच्या जिल्ह्यात तेव्हा एका घरातला एक पोरगा सरकारविरुद्ध भूमिगत आणि दुसरा सरकारच्या पलटणीत, अशी तऱ्हा होती. भरतीच्या एका अंमलदाराला कुणीतरी काटकरांच्या टेबलाची बातमी दिली. माणदेशातल्या एका बाजारगावी मेळावा होता, तिथे टेबल मांडून खेळ दाखवावा असा निरोप हेडमास्तरांमार्फत आला. आजवर ज्याला सगळी पेठ बाहुल्यांचा हवालदार म्हणे, त्याला मोठ्या माणसाने बोलावलं होतं. काटकरांनी मला विचारलं, जाऊ का? मी म्हटलं, जा, हवालदार. नुसतं जा म्हटलं नाही, मीही बरोबर गेलो. हे इथे लिहून ठेवलेलं बरं.

दोन बैलगाड्या करून वाळू, दारं, शिपाई असं सगळं नेलं. सर्जा रजा काढून आला होता. बाजारचा दिवस, माणसं दाटीवाटीने भोवती उभी. पहिला शिपाई पडला, काटकरांनी नाव घेतलं, गाव घेतलं, आडवा केला. दुसऱ्याचं घेतलं तेव्हा गर्दीत मागे उभी असलेली एक म्हातारी मटकन खाली बसली. ते नाव तिच्या नवऱ्याचं होतं. तिने आरडाओरडा केला नाही, तोंडात पदर घालून बसून राहिली, आणि तिच्याभोवतीची माणसं गप्प झाली. अंमलदाराने काटकरांना बाजूला नेलं. खेळ उत्तम आहे, पण आजच्या दिवस नावं नकोत, असं तो म्हणाला. अगदी नम्रपणे म्हणाला. काटकर माझ्याकडे बघत होते. मी मान हलवली. एका दिवसाचा तर प्रश्न होता.

नावं गेली आणि खेळाला रंग चढला. शिपाई भराभर पडत होते, सर्जा सुतळी टाकत होता, पोरं टाळ्या पिटत होती. मीही पिटल्या. इतका मजेचा खेळ त्या टेबलावर मी कधी पाहिला नव्हता. संध्याकाळी बारा पोरांनी नाव दिलं, आणि रांगेत सातवा सर्जा होता. काटकर वाळू पोत्यात भरत होते. त्यांनी मान वर करून रांगेकडे पाहिलं आणि हातातलं फावडं खाली ठेवलं. मला वाटलं, आता जातील आणि दंडाला धरून बाहेर काढतील. पण काय म्हणून काढणार? दिवसभर त्यांनीच दाखवलं होतं. पोराजवळ गेले आणि एवढंच म्हणाले, "बूट घट घिऊ नगंस. पाय सुजत्यात."

हिराबाईंनी त्यानंतर महिनाभर नवऱ्याशी बोलणं टाकलं. जेवायला वाढायच्या, पाट मांडायच्या, पण शब्द नाही.

सर्जा ब्रह्मदेशात गेला. दीड-दोन वर्षं पत्रं येत राहिली, मग तार आली. बेपत्ता. चंद्रा तेव्हा एकोणीसची असेल. मेलेल्याचे दिवस घालता येतात, जित्याची वाट बघता येते, बेपत्त्याचं काय करायचं असतं हे साऱ्या पेठेत कुणाला ठाऊक नव्हतं. काटकर शाळेत येत, हजेरी घेत, पावलं मोजत घरी जात. दोन महिन्यांनी सर्जाच्याच तुकडीतला खटावकडचा एक पोरगा जखमी होऊन परत आला. काटकर त्याच्या गावी जाऊन तीन दिवस राहिले. ओढा किती रुंद, बांबूचं बेट किती पावलांवर, टेकाड कोणत्या हाताला, ऊन कुठून, सगळं विचारून आले. बारा जण ओढ्यापलीकडे गेले होते. आठ परत आले. तिघांना पडलेलं लोकांनी पाहिलं. सर्जाला शेवटचं पाहिलं ते बांबूच्या बेटात शिरताना.

पुढच्या रविवारी टेबलावर तो ओढा होता. मला म्हणाले, तुमी जपानी व्हा. मी झालो. बारातल्या अकरा जणांना नावं होती, जुन्या मेलेल्यांची. बारावा बिननावाचा होता. खेळ एकच, दर रविवारी तोच: बाराव्याला ओढ्याअलीकडे परत आणायचं. कधी टेकाडावरून, कधी ओढ्याच्या काठाकाठाने. काटकर एखादी वाट शोधत, कवड्या टाकत, आणि बांबूच्या बेटापाशी पोचलं की थांबत. मी पुण्यातल्या चुलत्याला पत्रात लिहिलं की मी हल्ली दर आठवड्याला एका बापाचा मुलगा मारतो. ते गमतीने लिहिलं नव्हतं.

मग त्यांच्या हातून ती चूक झाली. बिननावाचा शिपाई त्यांना खेळवेना. नाव नसलेला माणूस कुठे आहे हे बघायला मन लागत नाही, असं ते मला नंतर म्हणाले. त्यांनी कुणाला न सांगता नवा शिपाई ओतला, त्याच्या तळाला सर्जाचं नाव कोरलं आणि ओढ्यापाशी उभा केला.

त्या रविवारी मी गेलो तर दारात बायका जमलेल्या. आत चंद्रा भिंतीला टेकून बसली होती. कपाळ पुसलेलं, बांगड्यांचे तुकडे पुढ्यात. टेबलाची कड झाडताना तिच्या हाताने शिपाई पडला होता. ती चौथीपर्यंत शिकलेली, तळाचं नाव तिने वाचलं. आणि त्या टेबलावर कुणाची नावं असतात हे त्या घरात काय, साऱ्या पेठेत पोरासोरांना माहीत होतं. मामंजींना कागद आला आणि त्यांनी लपवला, असंच तिने धरलं. मीही तेच धरलं. काटकर घरी नव्हते.

ते आले तेव्हा खांद्यावर माहुलीच्या वाळूचं पोतं होतं. गर्दी बघून दारातच थांबले. चंद्राने मूठ उघडून शिपाई पुढे केला. त्यांनी पोतं ठेवलं नाही, खांद्यावरून ते तसंच घसरलं.

"न्हाई ग पोरी," ते म्हणाले. "कागुद आला न्हाई. मीच केला. खेळात घ्याया."

हिराबाई उठल्या. त्यांनी करंडा आणला, सुनेच्या कपाळाला स्वतःच्या बोटाने कुंकू लावलं आणि आपल्या हातातल्या दोन बांगड्या काढून तिच्या हातात चढवल्या. पुसलेलं कुंकू पुन्हा लावतात का, अशी दारातल्या बायकांत कुजबुज झाली. हिराबाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही. त्या नवऱ्याकडे वळल्या आणि महिनोन्महिन्यांचा राग साठलेल्या बाईने ज्या शांतपणे बोलावं तशा म्हणाल्या, "एकदा बाजारात घालवलासा त्याला. आज घरात मारलासा. आता पुरं करा."

काटकरांनी पुरं केलं नाही. मला वाटलं होतं टेबल मोडतील. उलट ते खेळात जास्तच गुंतले. एकदा मला त्यांची दया आली आणि मी मुद्दाम एक चाल चुकलो. माझे जपानी टेकाडाच्या भलत्या बाजूला नेले. सर्जा ओढ्याअलीकडे आला. पहिल्यांदाच आला. काटकर बराच वेळ त्याच्याकडे बघत होते. मग त्यांनी तो उचलला आणि परत बांबूच्या बेटापाशी ठेवला. "तुमी चुकला न्हाई, मास्तर," ते म्हणाले. "तुमी दया केली. तितं कोन करनार हुतं?"

युद्ध संपलं. कैदी सुटून आले, त्यांत सर्जा नव्हता. मग लष्कराचं पत्र आलं: मृत झाल्याचे समजण्यात येत आहे. मी ते त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. समजण्यात येतंय म्हणजे पाहिलेलं कुणी नाही, असं ते म्हणाले आणि पत्र घडी करून ठेवून दिलं. हिराबाईंचंही तेच मत. इतक्या वर्षांत नवरा-बायकोचं एकमत झालेली ती एकच गोष्ट असावी. आणि त्या एकमताखाली चंद्रा रोज सकाळी कुंकू लावत होती, पाणी भरत होती, बावीस वर्षांची झाली होती. रविवारी मी गेलो की ती टेबलाकडे न बघता भिंतीच्या कडेने आत जायची.

तिचा भाऊ कुंडलकडून आला तो याच सुमारास. चांगला समजूतदार माणूस होता. त्याने कुंडलातलं एक स्थळ पाहिलं होतं, शेती होती, बायको वारलेली. आमच्यासारख्या पांढरपेशांत अशा वेळी फक्त उसासे टाकतात. त्यांच्यात पाट लागत असे, बाईचं दुसरं लग्न होत असे. मात्र माणूस गेला असं सासऱ्याने चार जणांत तोंडाने म्हणायला हवं, त्याशिवाय समोरचे लोक तयार नव्हते. उद्या तो परत आला तर काय, असं त्यांचं म्हणणं, आणि ते रास्त होतं. भावाने हे काटकरांना सांगितलं तेव्हा मी तिथेच होतो. ते पुढच्या ऐतवारी या, एवढं म्हणाले. मलाही म्हणाले.

त्या रविवारी सकाळीच गेलो. भाऊ आणि शेजारचे दोघेतिघे उंबऱ्याशी बसले होते. आतल्या दारात चंद्रा उभी. हिराबाई चुलीपाशी पाठ करून बसलेल्या. काटकरांनी धुतलेला सदरा घातला होता. वाळूवर पाणी शिंपडून ओढा नीट केला होता, बारा शिपाई मांडले होते. मी सवयीने कवड्या उचलल्या.

"आज कवड्या नगंत," ते म्हणाले.

सुतळी टाकून त्यांनी एकेक गाठ मोजत बाराव्याला पुढे नेलं. ओढा, मग मोकळं रान, मग बांबूचं बेट. दर रविवारी ते इथे थांबत आणि मागची वाट शोधत. त्या दिवशीही थांबले. इतका वेळ थांबले की उंबऱ्यावरचा एक जण खाकरला. मग त्यांनी शिपाई पालथा न करताच नाव घेतलं.

"सर्जेराव रामजी काटकर." गाव काही केल्या तोंडातून निघेना. स्वतःचंच गाव. शेवटी म्हणाले, "वरकुटं." आणि एका बोटाने त्याला आडवा केला.

मग भावाकडे वळून, ड्रिलला उभे राहत तसे ताठ उभे राहून म्हणाले, "गेला माजा पोरगा. मी सांगतो. आता लेकीचं बगा तुमी."

चंद्राने या वेळी बांगड्या फोडल्या नाहीत. एकेक उतरवून हिराबाईंच्या पुढ्यात ठेवल्या. त्यातल्या दोन त्यांच्याच होत्या. कुणी रडलं नाही. मी लढायांवर पुष्कळ वाचलं आहे आणि शौर्याचे धडे मुलांकडून घोकून घेतले आहेत. त्या माणसाने त्या सकाळी जे केलं त्याहून अवघड काम कुणी केलेलं मी पाहिलेलं नाही. स्वतःची आशा त्याने सुनेसाठी स्वतःच्या हाताने मारली. आणि ती मारायचा दुसरा कुठलाही मार्ग त्याला येत नव्हता, तो खेळच येत होता.

दुपारी ते सुनेला मोटारस्टँडपर्यंत पोचवायला गेले. गाठोडं त्यांच्या खांद्यावर. मी मागून चालत होतो. त्यांचे ओठ हलत नव्हते.

पुढे मी सांगलीला घरी परत आलो, इथल्या शाळेत लागलो, लग्न केलं. एका उन्हाळ्यात दुपारी चारच्या सुमाराला काटकर दारात उभे. खूप वाळले होते. कुंडलला चंद्राला मुलगा झाला होता, त्याला बघून येत होते. टेबल मोडल्याचं त्यांनी सांगितलं. दारं सरपणाला गेली, वाळू माहुलीला नदीत परत सोडली. शिपायांचं काय केलंत, विचारलं. तर शाळेतून निवृत्त होऊन दोन वर्षं ते गावोगाव हिंडले होते आणि ज्याचा त्याचा शिपाई ज्याच्या त्याच्या घरी नेऊन दिला होता. काही घरांत देव्हाऱ्यात ठेवले. काही घरांत कुणी ओळखणारंच उरलं नव्हतं, तिथे उंबऱ्याशी मातीत पुरून आले. निढळच्या सखाराम धोंडीच्या नातवाने विचारलं, याचं काय करायचं? काटकर त्याला म्हणाले, काही नाही, अधूनमधून नाव घे.

"येकच राह्यलाय," असं म्हणून त्यांनी खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. "घरी ही त्याला रोज उभा करती. मी आडवा करतो. तोंडानं बोलत न्हाई आमी कुनीच. दिसभर येवडंच चालतं. तवा म्हनलं, मास्तरांकडं ठिवावा. आडवाच ठेवा, मास्तर."

त्यांनी तो टेबलावर दौतीपाशी आडवा ठेवला. बायकोने चहा आणला. ते बशीत ओतून पिऊ लागले आणि चंद्राच्या मुलाविषयी सांगू लागले. पोरगं धट्टंकट्टं आहे, पाय लांब आहेत, चालायला चांगलं होईल. तुम्हांला आजा म्हणायला त्याला शिकवणार आहे, असं चंद्रा त्यांना म्हणाली होती. सांगताना त्यांचा डावा हात टेबलावर होता. बोलता बोलता तो हात दौतीकडे सरकला, त्याने शिपाई उचलला, अंगठ्याने त्याच्यावरची धूळ पुसली आणि हळूच उभा केला. काटकरांचं तिकडे लक्षही नव्हतं.

मग ते उठले. मी गॅलरीत गेलो. रस्त्याला ऊन होतं. ते स्टेशनच्या दिशेने भिंतीच्या सावलीने जात होते आणि त्यांचे ओठ पुन्हा हलत होते. वळणापर्यंत दिसले, मग दिसेनासे झाले. वरकुट्याला ते त्याच वर्षी वारल्याचं मला फार उशिरा कळलं.

आत आलो. शिपाई दाराकडे तोंड करून उभा होता. पालथा करून वाचायची गरज नव्हती. सर्जेराव रामजी काटकर, वरकुटं, असं मी म्हटलं आणि त्याला आडवा केला.